दोष आढळला नाही

"आता बघा," मगदूमबाई म्हणाल्या आणि ओट्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

मी मायक्रोवेव्हमध्ये कपभर पाणी ठेवलं होतं आणि टायमर दोन मिनिटांवर फिरवला होता. आतला पिवळा दिवा लागला, काचेची बशी कपासकट फिरायला लागली. आम्ही दोघंही त्या कपाकडे बघत राहिलो. दोन मिनिटं झाली. टण्ण करून घंटी वाजली, दिवा गेला, बशी थांबली.

"झाला की बंद," मी म्हटलं.

"आज झाला," बाई म्हणाल्या.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. मी तेव्हा सांगलीत एका सर्व्हिस सेंटरमध्ये मेकॅनिक होतो. मिक्सर, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, जे येईल ते. विश्रामबागेतल्या एका अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर या सुनंदा मगदूम राहायच्या. वय पासष्टच्या पुढचं, टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून रिटायर झालेल्या, लग्न केलेलं नाही. त्यांची तक्रार एकच होती. वेळ संपते, घंटी वाजते, तरी मायक्रोवेव्ह बंद होत नाही. दिवा तसाच, बशी फिरतेय, आतलं तापतंय. दार उघडलं की थांबतो, पण आपलं आपण थांबत नाही.

ही माझी दुसरी खेप. पंधरा दिवसांपूर्वी मी आलो होतो, असंच कपभर पाणी ठेवून एक मिनिट चालवून बघितलं होतं आणि जॉबकार्डवर 'दोष आढळला नाही' असं लिहून गेलो होतो.

"लगेच होत नाही ते," बाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा लावलं की होतं. तेही रोज नाही. थोडं थांबता का? मी आमटी गरम करते, मग परत लावून बघू."

"बाई, मशीन ठीक आहे. बिघाड असता तर आत्ता दिसला असता."

"मी लिहून ठेवलंय." त्यांनी फ्रिजवरची एक वही काढून माझ्यापुढे धरली. "तारीख, वेळ, सगळं."

मी वही हातात घेतली नाही. स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकत होतो. "बघतो नंतर. आता मला कुपवाडला जायचंय."

"चहा तरी घ्या. केलेला आहे."

चहा खरंच केलेला होता. मी यायच्या आधीच थर्मासमध्ये भरून ठेवलेला, शेजारी दोन कप पालथे घातलेले. ते बघितलं आणि माझी खात्रीच झाली. जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. वाळत घातलेली एकच साडी. दिवसभर कुणी येत नाही, कुणी जात नाही. बाईंना मायक्रोवेव्ह दुरुस्त करून नको होता, त्यांना समोर बसायला माणूस हवं होतं.

हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्या दिवसांत मी स्वतः माधवनगरच्या दोन खोल्यांत एकटा राहत होतो. माझी बायको मंदा दीड वर्षापूर्वी विट्याला माहेरी गेली होती, ती परत आली नव्हती. त्यानंतर आईही थोरल्या भावाकडे कराडला गेली. सकाळी दूधवाला यायचा, तर मी पातेलं हातात धरून त्याच्याशी म्हशींच्या तब्येतीबद्दल बोलत उभा राहायचो. म्हशीतलं मला काही कळत नाही. रविवारी सुट्टी असली की केस कापायला जायचो, वाढले नसले तरी. त्यामुळे थर्मासमधला चहा मला लगेच ओळखता आला.

मी चहा प्यायलो, उभ्या उभ्याच. बाई विचारत होत्या, गाव कुठलं, घरी कोण असतं. मी म्हटलं, सगळे आहेत. मग कार्ड लिहिलं. 'दोष आढळला नाही.' आणि त्याखाली, आमच्या जामदार साहेबांना पुन्हा पुन्हा इथं माणूस पाठवावा लागू नये म्हणून, अजून एक ओळ लिहिली. 'ग्राहक एकट्याच राहतात.' बाईंची सही घेतली, खालची कार्बनची प्रत फाडून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि निघालो.

मी जिना उतरत होतो तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "साळुंखे, परत झालं तर फोन करू ना?"

"करा की," मी म्हटलं.

तिसऱ्या वेळी फोन त्यांचा नव्हता, खालच्या मजल्यावरच्या शेट्यांचा होता. सेंटरवर सकाळी दहा वाजता आला. जामदार साहेबांनी रिसीव्हर ठेवला आणि मला म्हणाले, "तुमची ती विश्रामबागची बाई. मायक्रोवेव्हला आग लागली काल. हात भाजलाय म्हणे. जाऊन बघा, आणि काय लिहाल ते मला फोन करून मग लिहा."

मी मोटरसायकल काढली आणि विश्रामबागेत गेलो.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघराची एक भिंत वरपर्यंत काळी पडली होती आणि जळलेल्या धान्याचा वास घरभर होता. बाई टेबलाशी बसल्या होत्या. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत बँडेजमध्ये. मला वाटलं होतं, त्या बोलतील, रागावतील. त्यांनी नुसतं "या" म्हटलं.

"कसं झालं?"

"माझा खांदा धरतो," त्या म्हणाल्या. "गव्हाची पिशवी करून घेतलीय, कापडाची. तीन मिनिटं तापवायची आणि खांद्यावर ठेवायची. डॉक्टरांनीच सांगितलंय. रोज साडेचारला आमटी-भात चार मिनिटं गरम करते, कारण आम्हा जैनांत दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं. आणि तो झाला की लागलीच पिशवी आत ठेवते. काल पिशवी ठेवली आणि वरून कपडे आणायला गच्चीत गेले. एरवी मी समोरच बसते. काल वाऱ्याने कपडे उडत होते, म्हणून गेले. शेट्यांच्या सूनबाई भेटल्या, दोन शब्द बोलले. खाली आले तर सगळं घर धुराने भरलेलं."

"दार उघडलंत?"

"नाही. तेवढं कळतं मला. मागचा प्लग ओढला. दारावरचं प्लास्टिक वितळून हातावर आलं."

मायक्रोवेव्हच्या दाराची काच तडकली होती. आत बशीवर कोळशाचा एक गोळा होता. मग मी खाली बसलो आणि पाठीमागचं कव्हर उघडलं. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही दणका देतो, म्हणून आधी तो डिस्चार्ज केला. आग आतला डबा आणि दार यापुढे गेली नव्हती. टायमर आणि वायरी शाबूत होत्या.

"ती वही देता का?" मी विचारलं.

बाईंनी डाव्या हाताने वही सरकवली. मी पहिल्यांदा उघडली. फूटपट्टीने आखलेले रकाने होते. तारीख. वेळ. आत काय होतं. किती मिनिटं लावलं. घंटीनंतर किती वेळ चालू राहिला. फेब्रुवारीपासून अकरा नोंदी, एकसारख्या ठाम अक्षरात. बारावी कालची होती, डाव्या हाताने लिहिलेली, तिची अक्षरं रेघेखाली घसरत गेली होती. 'आत काय होतं' या रकान्यात मी वरून खाली बोट फिरवत आलो. पिशवी. पिशवी. पिशवी. बाराही वेळा पिशवी. आमटी एकदाही नव्हती.

"आमटीच्या वेळी कधीच नाही झालं?"

"कधीच नाही. मला वाटायचं पिशवीतच काही असेल. म्हणून तर तुम्हाला म्हटलं होतं, दुसऱ्यांदा लावून बघू."

म्हटलं होतं खरं. मी माझ्या पायाने दोनदा या घरात आलो होतो आणि दोन्ही वेळा थंड मशीन कपभर पाण्यावर चालवून गेलो होतो.

"घरात विजेची शेगडी आहे?" मी विचारलं.

होती. माळ्यावर ठेवलेली जुनी, तारेचं वेटोळं असलेली. मी टायमर सोडवला, तात्पुरत्या वायरी जोडून शेगडीला जाणारी वीज त्या टायमरमधून नेली आणि शेगडी फरशीवर ठेवली. टायमर चार मिनिटांवर फिरवला. तार हळूहळू लाल झाली. बाई खुर्ची घेऊन जवळ आल्या. चार मिनिटांनी घंटी वाजली आणि तारेचा लाल रंग उतरून गेला.

"ही आमटी," बाई म्हणाल्या.

मी लगेच टायमर तीन मिनिटांवर फिरवला. तार पुन्हा लाल झाली. घंटी वाजली. आम्ही बघत राहिलो. तार लालच होती. पाच सेकंद, दहा सेकंद, अर्धं मिनिट. टायमरचं बटण शून्यावर, आणि शेगडी पेटलेली.

"ही पिशवी," मी म्हटलं.

मी प्लग काढला. टायमर उघडून त्यांना आतले दोन पत्रे दाखवले. विजेचा प्रवाह जोडायचा आणि तोडायचा त्यांचा एवढाच उद्योग. ठिणग्यांनी त्यांना खड्डे पडले होते. थंड असताना सुटायचे, तापले की एकमेकांना चिकटून बसायचे. शंभर रुपयांचाही भाग नव्हता तो.

बाईंनी त्यातला एक पत्रा डाव्या हाताच्या बोटाने चाचपून बघितला. मग उठल्या, वहीच्या मागच्या पानात घडी करून ठेवलेला एक कागद काढला आणि टेबलावर माझ्यापुढे उलगडला. माझ्या जॉबकार्डची कार्बन प्रत.

"हे तुम्ही लिहिलंत," त्या म्हणाल्या. "'ग्राहक एकट्याच राहतात.' याचा आणि मायक्रोवेव्हचा काय संबंध, तेवढं मला सांगा."

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"तुम्हाला वाटलं, म्हातारीला करमत नाही, म्हणून बोलावते."

"हो."

"मला करमत नाही, ते खरंच आहे. तुम्ही येणार म्हणून मी चहा करून ठेवला, तेही खरं आहे. पण साळुंखे, मी खोटं बोलत नव्हते." त्यांचा आवाज चढला नव्हता. "बत्तीस वर्षं एक्स्चेंजला होते. लोक तक्रार करायचे, बोलता बोलता लाइन तुटते. आम्ही तपासायचो तेव्हा लाइन ठणठणीत. तरी आम्ही विचारायचो, कधी तुटते, किती वाजता तुटते, तेव्हा पाऊस होता का. आपल्यासमोर तुटली नाही म्हणजे तुटतच नाही, असं कुणी म्हणत नव्हतं."

मी जामदार साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कापडाची पिशवी होती ना आत? माहितीपुस्तकात कापड ठेवू नका असं आहे. ग्राहकाची चूक लिहा आणि सही घ्या."

"टायमर चिकटतोय, साहेब. मी स्वतः बघितलंय."

"तुम्ही दोनदा जाऊन दोष नाही असं लिहिलंय. आता टायमर लिहिलंत तर ते तुमच्यावरच येईल. विचार करा."

मी कार्डवर लिहिलं, टायमर गरम झाल्यावर बंद होत नाही. आधीच्या दोन्ही भेटींत माझी तपासणी अपुरी होती. खाली सही केली. बाईंनी डाव्या हाताने सही केली, तिला बराच वेळ लागला.

"हात नीट होईल का?" मी विचारलं.

"बोटं हलतात," त्या म्हणाल्या. "बसा. चहा आज तुम्हाला करावा लागेल."

मी चहा केला. दोघांसाठी. खुर्चीवरचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा खाली ठेवून बसलो. त्यांनी पुन्हा विचारलं, घरी कोण असतं. या वेळी मी म्हटलं, कुणी नसतं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

मंदा का गेली ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सेंटरमध्ये म्हणायचो, सासूसुनेचं पटलं नाही. खरं ते असं होतं. लग्नाला वर्ष झालं असेल, एका रात्री मंदा मला म्हणाली, "तुम्ही कामावर गेलात की आई स्वयंपाकघराला कुलूप लावतात. तुम्ही यायच्या आधी काढतात." मी हसलो होतो. ती परत म्हणाली, मग परत. दिवसभर उपाशी राहते म्हणाली. तेव्हा मी एक दिवस कुणाला न सांगता दुपारी घरी आलो. स्वयंपाकघर उघडं होतं. आई भाकरी थापत होती, मंदा शेजारी बसून शेंगा सोलत होती. मी मंदाला बाहेर बोलावून विचारलं, "कुठाय कुलूप?" ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. आठ महिन्यांनी गेली, तेव्हा भांडलीसुद्धा नाही.

त्या आठवड्यात मी रजा टाकली आणि विट्याची एसटी धरली.

मंदा तिथल्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली होती. मुलं घरी गेली होती आणि ती व्हरांड्यात खिचडीचं मोठं पातेलं घासत होती. मला बघून तिने हात थांबवले नाहीत.

"कुणी वारलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

मी पायरीवर बसलो. एसटीत बरंच काही ठरवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी विचारलं, "आई कुलूप कुठल्या दिवशी लावायची?"

तिचे हात थांबले.

"सोमवारी," ती म्हणाली. "आणि गुरुवारी."

सोमवार आणि गुरुवार माझे मिरजेचे दिवस होते. तिकडची सगळी कामं त्या दोन दिवसांत असायची. सकाळी गेलो की दिवस मावळल्यावरच परत यायचो. बाकीच्या दिवशी मी सांगलीतच असायचो, केव्हाही घरात टपकू शकत होतो.

"तुम्ही आला होता तो बुधवार होता," मंदा म्हणाली.

मग ती सांगत राहिली. किल्ली आई कमरेला लावायची. पाण्याचा माठ बाहेर ठेवायची, तेवढी तिची दया. शेजारच्या जनाबाईंनी एकदा खिडकीतून भाकरी दिली होती, तर आईने त्यांच्याशी बोलणंच टाकलं. संध्याकाळी माझी मोटरसायकल कोपऱ्यावर वाजली की कुलूप निघायचं. हे सगळं तिने पातेलं पालथं घालून, हात पदराला पुसून, शेजारच्या पायरीवर बसून सांगितलं. एकदाही रडली नाही. तू खरं सांगतेस हे म्हणायचीसुद्धा मला लाज वाटत होती.

सांगून झाल्यावर ती म्हणाली, "हे तेव्हा विचारायला हवं होतं."

"हो."

"मी येणार नाही."

"मी न्यायला नाही आलो," मी म्हटलं. ते अर्धंच खरं होतं आणि तिलाही ते कळलं असावं.

ती आली नाही. दोन वर्षांनी रीतसर कागद झाले. पुढे तिने अंगणवाडीची सेविका म्हणून परीक्षा दिली, ती पास झाली, एवढं मला तिच्या भावाकडून कळलं. मगदूमबाईंच्या हाताची जखम भरली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुरतं मिटायचं नाही. कंपनीने पाठवलेला नवा मायक्रोवेव्ह त्यांनी परत केला. जामदार साहेबांनी मला त्यानंतर ग्राहकांच्या घरी पाठवणं बंद केलं, आणि वर्षाच्या आत मी सेंटर सोडून माधवनगरला स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. तिथे येणाऱ्या माणसाला मी आधी स्टुलावर बसवतो.

पण विट्याहून आल्यावर पुढच्याच रविवारी मी कराडला गेलो होतो. भाऊ आणि वहिनी कुणाच्या तरी लग्नाला गेले होते. आई मागच्या अंगणात बाजेवर बसून चिंचा फोडत होती. पाटा पुढ्यात, हातात छोटी हातोडी, एका बाजूला चिंचोके, एका बाजूला गर. मी विट्याला गेलो होतो असं सांगितलं. तिने वर बघितलं नाही.

"तिने शिकवून पाठवलं असेल काहीतरी," ती म्हणाली.

"तिने काही नाही सांगितलं. मी विचारलं."

"काय विचारलंस?"

"कुलूप कुठल्या दिवशी लावायचीस ते."

हातोडी दोन-तीन चिंचांवर पडली. मी उभाच होतो. आईने 'असं काही नव्हतंच' म्हटलं असतं, शपथ घातली असती, तर तिच्याशी भांडायच्या तयारीनेच मी त्या दिवशी आलो होतो. तिने तसं काहीच केलं नाही. गर एका बाजूला, चिंचोके एका बाजूला, तिचे हात चालत राहिले. पुढ्यातला ढीग निम्मा झाला तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

"रोज नव्हते लावत."